आइलीच्या गालावरची काजळी

ग्रॅनाइट पॉइंट या सरोवराकाठच्या छोट्या गावात कुणी वारलं की दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा एखादा फोटो मार्लिस क्वालेच्या दारात पोचायचा. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं. गावातल्या मयतांचं सगळं बघणारा कर्टिस हेगलंड पाकीट घेऊन यायचा, दारातच उभा राहायचा आणि विचारायचा, "शनिवारपर्यंत होईल ना?" मार्लिस म्हणायची, "होईल." की तो निघाला.

पाकिटातून काय निघेल याचा नेम नसायचा. कुणी मासेमारीच्या टोपीत, कुणाच्या हातात बिअरचा डबा, कुणाच्या खांद्यावर सोडून दिलेल्या बायकोचा हात. मार्लिस टोपीची सावली पुसायची, डबा नाहीसा करायची, तो हात एकेक बोट करून उचलायची आणि त्याखालचा शर्ट कॉम्प्युटरवर जणू पुन्हा विणून काढायची. मग तो चेहरा वर्तमानपत्रात यायचा, आणि मोठा करून शवपेटीशेजारी उभा राहायचा. लोक म्हणायचे, "अगदी हुबेहूब!" कुणी केलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नसे.

त्याआधीची तिची उमेदीची वर्षं डुलूथ शहरातल्या एका फोटो लॅबमध्ये गेली होती, शाळकरी मुलांच्या फोटोंवरची मुरुमं बारीक ब्रशनं झाकण्यात. नवरा रॉजर अकरा वर्षांपूर्वी कामासाठी म्हणून फार्गोला गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. आता ती त्रेसष्ट वर्षांची होती आणि हायवेच्या वरच्या चढावर, सरोवराकडे तोंड करून असलेल्या घरात एकटी राहायची.

गावातली माणसं जिवंत असताना तिला दुकानात भेटायची, "काय गारठा आहे!" म्हणायची आणि पुढं जायची. ती वारली की मार्लिसला कळायचं, याच्या डाव्या भुवईत खाच होती, हिचा पुढचा दात खोटा होता, याला हसताना लाज वाटायची. चेहरा मोठा करून तासन् तास बघितला की हे सगळं दिसतं. पण त्यातल्या एकाच्याही घरी ती कधी कॉफी प्यायली नव्हती.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी तिचा कॉम्प्युटर बंद पडला. आत एकदा टक् झालं, पंखा थांबला आणि पडदा काळा झाला. तिनं बटण दाबलं, वायर काढून पुन्हा लावली, दहा मिनिटं थांबून परत दाबलं. काही नाही. फोटो सगळे वेगळ्या डिस्कवर होते, ती काळजी नव्हती. पण खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की घर एकदम गप्प झालंय. नऊ वर्षं त्या पेटीची घरघर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सोबतीला असायची. आता स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा आवाज मागच्या खोलीत ऐकू येत होता.

तिनं बहिणीला फोन लावला. लावोन तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी. नवरा निवृत्त झाल्यावर दोघं अ‍ॅरिझोनात, मेसाला जाऊन राहिली होती.

"अगं, बरंच झालं की!" लावोन म्हणाली.

"बरं काय त्यात?"

"आता लॅपटॉप घे, काखेत मार आणि विमानात बस. खोली तयार आहे तुझी. गेल्या वर्षी म्हणालीस, कॉम्प्युटर हलवता येत नाही. त्याच्या आदल्या वर्षीही तेच. आता काय सांगशील?"

"काम असतं गं मला."

"मेलेल्यांच्या हनुवट्या इथं उन्हात बसूनही तासता येतात. ते काही तक्रार करणार नाहीत."

"त्यांचे नातेवाईक करतात."

"तू ना, अगदी बाबांवर गेलीस. आकाश कोसळलं तरी त्या सरोवराचा काठ सुटणार नाही तुला."

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र मार्लिसला वाटलं, लावोनला आपली कीव येते. दर हिवाळ्यात ती बोलावते ते त्या कीवेपोटीच. आणि कुणी आपली कीव केलेली मार्लिसला आवडत नसे.

त्याच दुपारी कर्टिस आला. या खेपेला पाकीट नव्हतं.

"आइली निस्कानेन गेल्या, रविवारी," तो म्हणाला. "आर्वो एकटेच आहेत घरी. फोटोंचं खोकं मांडीवर घेऊन बसलेत, हातातून सोडत नाहीत. दोनदा जाऊन आलो. म्हणतात, जो फोटो करणार असेल त्याला पाठव."

"माझा कॉम्प्युटर मेलाय, कर्टिस."

"ऑफिसातला लॅपटॉप देतो. पण जा तुम्ही."

"मी कुणाच्या घरी जात नाही, तुला माहितीये."

"माहितीये. या वेळी जा."

दुसऱ्या दिवशी ती स्कॅनर आणि तो लॅपटॉप गाडीत टाकून गेली. निस्कानेनांचं घर जुन्या रेल्वेच्या रुळांपलीकडे होतं. आर्वोनं चाळीस वर्षं खनिजाच्या मालगाड्या ओढणारं इंजिन चालवलं होतं. आता वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं हाड मोडल्यापासून हातात काठी. त्यानं दार उघडलं आणि तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच ती फोटोवाली?"

"हो. मार्लिस."

"क्वाल्यांची पोर?"

"सून. म्हणजे, होते."

"हं. ये. बूट राहू देत. नको, काढच. आइलीला चालत नाही."

मार्लिसनं बूट काढले. स्वयंपाकघरात खिडकीशी टेबल होतं. बाहेर अंगणभर ताजा बर्फ, आणि ढग निघून गेल्यामुळं आत लख्ख उजेड. आर्वोनं कॉफी ओतली, वेलदोडा घातलेल्या गोड पावाचा एक तुकडा तिच्यापुढं सरकवला. "तिनंच केलेला, गेल्या महिन्यात. फ्रीजरमध्ये होता. खाऊन टाक, नाहीतर मी बघतच बसेन त्याच्याकडं." तिनं खाल्ला.

फोटो त्यानं आधीच निवडून ठेवला होता. पन्नाशीची आइली, लाकडी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दारात उभी. केस वाऱ्यानं उडालेले, एक डोळा हसून मिटलेला, आणि उजव्या गालावर काजळीचा लांब फराटा. फोटो स्कॅन होऊन पडद्यावर आला तसा आर्वोनं खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

"आधी ही काजळी काढते," मार्लिस म्हणाली.

"का?"

"डाग आहे ना गालावर."

"डाग कुठला? भट्टी पेटवून आली होती ती. मी म्हटलं, तोंड पूस, फोटो काढतोय. तर म्हणाली, तुझ्यासाठी पुसू?"

"बरं, राहू दे. आणि हा डोळा? दुसऱ्या एखाद्या फोटोतला उघडा डोळा आणून इथं बसवता येतो."

आर्वोनं तिच्याकडं असं पाहिलं की ती वरमली. "तो वेगळ्याच दिवसाचा डोळा झाला, पोरी."

काढायचं काहीच नव्हतं. फोटोवरचे ओरखडे आणि उडालेला रंग, एवढंच काम. तासाभराचं, पण ती तीन तास बसली. आर्वो बोलत होता. आइली हिशेबात चुकायची पण पत्त्यांत कधी नाही. रागावली की फिनिश भाषेत बोलायची आणि त्याची क्षमा इंग्रजीत मागायची. तो तिच्या आवाजाची नक्कलही करायचा, आणि मार्लिसच्या डोळ्यांसमोर पडद्यावरची बाई हलायला लागायची. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी शेजारी बसून तिचं काम बघत होतं. मध्येच ती एवढ्या मोठ्यानं हसली की तिलाच तो आवाज ओळखीचा वाटला नाही.

लॅपटॉपच्या पडद्यावर खिडकीतला उजेड येत होता. आर्वो म्हणाला, "अंधारलेली दिसते गं." तिनं चेहरा उजळला. थोड्या वेळानं आणखी उजळला. घरी ती खिडकीचे पडदे ओढून, एकाच मंद दिव्यात काम करायची, ते याच कारणासाठी. खोलीत उजेड फार असला की पडद्यावरचं सगळं काळपट भासतं आणि हात नको तितका उजळत जातो. लॅबमध्ये कॉम्प्युटर आल्यावर नवीन पोरींना ती स्वतः हे शिकवायची. त्या दिवशी तिला त्याची आठवण झाली नाही. घरी येताना गाडीत तिच्या मनात एकच होतं. लॅपटॉपच घ्यायचा. माणसांकडं जायचं.

शनिवारी ती चर्चमध्ये गेली. एरवी ती अशी जात नसे. फोटो छापून येऊन शवपेटीच्या शेजारी उभा होता, फुलांच्या मधोमध. मार्लिस दारातच थांबली. आइली पांढरीफटक पडली होती. गालांचा रंग गेला होता, ओठ कपाळासारखेच फिके, आणि काजळी म्हणजे नुसती राखाडी रेघ. लोक रांगेनं पुढं जाऊन बघत होते, मान हलवत होते.

सगळे तळघरात जेवायला उतरल्यावर ती आर्वोपाशी गेली. तो पहिल्या बाकावर एकटाच बसला होता.

"आर्वो, चूक झाली माझी. फार उजळला गेला फोटो."

"हं. मी विचार करत होतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "शेवटचा महिनाभर हॉस्पिटलात अशीच दिसायची. हाच रंग. म्हटलं, तू तर तिथं नव्हतीस, मग तुला कसं कळलं?"

"मी दुसरा करून देते."

"दे. पण लोक तर बघून गेले ना आता."

मार्लिस जेवायला थांबली नाही. बाहेर गाडीत बसून राहिली, काचेवर वाफ धरेपर्यंत. तिनं आजवर एकाही मेलेल्या माणसाचा चेहरा बिघडवला नव्हता. जिवंत माणसाच्या शेजारी बसून तिला बरं वाटलं, त्या एका दिवशीच तो बिघडला होता.

सोमवारी ती डुलूथच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. तिथला डग तिच्याच वयाचा होता, कधीकाळी कॅमेऱ्यांच्या दुकानात फिल्म विकायचा. तिनं पेनड्राइव्ह पुढं केला. त्यात आइलीचा तो चुकलेला फोटो होता.

"हा लावून दाखवा. आधी लॅपटॉपवर."

डगनं एक चकचकीत लॅपटॉप उघडला. वरच्या दिव्यांत आइलीच्या चेहऱ्यावर मार्लिसला स्वतःचाच चेहरा दिसत होता. डगनं पडदा मागं झुकवला, आइली गोरी झाली. पुढं घेतला, सावळी झाली.

"मान हलवली की बाई बदलते," ती म्हणाली.

"महागाचे याहून पुष्कळ बरे असतात. पण उजेड तुमच्याबरोबर फिरत नाही, ही अडचण राहतेच. आज इथल्या खिडकीत, उद्या तिथल्या दिव्याखाली. काम कुठं बसून करता?"

"मागच्या खोलीत."

"नेहमी?"

"एकोणीस वर्षं."

"मग विचारताय काय?"

 डगनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "हे बघा, फिरणार असाल तर लॅपटॉप घ्या. नसाल फिरणार, तर तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो. पुढंमागं बिघडला तर उघडून तेवढाच भाग बदलता येतो. आणि रंगाचं म्हणाल तर मॉनिटर चांगला हवा. लॅपटॉपलाही तो जोडता येईल, पण विमानात काही तुम्ही मॉनिटर नेणार नाही."

त्यानं कोपऱ्यातल्या मोठ्या मॉनिटरवर फोटो लावला. वरचा दिवा बंद केला. मार्लिसला चर्चमधला चेहरा जसाच्या तसा दिसला, तोच पांढरेपणा, तीच राखाडी रेघ. हा पडदा तिला खुश करत नव्हता. जे होतं ते सांगत होता.

"हा मॉनिटर," ती म्हणाली. "आणि त्याच्याखालची पेटी."

"म्हणजे फिरायचं नाही?"

"असं दिसतंय."

पेटी गाडीत चढवून झाल्यावर तिनं तिथूनच लावोनला फोन केला. आधी तिनं चर्चमधलं सगळं सांगितलं, मग डेस्कटॉपचं.



"म्हणजे तू येत नाहीस," लावोन म्हणाली.

"अगं, तुला माझी एवढी काळजी कशाला? मी इथं व्यवस्थित आहे."

"तुझी?" लावोनचा आवाज चढला. "तुझी कुणाला पडलीये? केन सकाळी सहाला गोल्फला जातो तो दुपारी येतो आणि झोपतो. शेजारणींची नावंसुद्धा मला नीट येत नाहीत. चार वर्षं झाली त्या खोलीत पलंग घालून. दर महिन्याला चादर बदलते मी, कुणी झोपत नाही तरी."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"तू विचारलंस कधी?"

मार्लिसनं विचारलं नव्हतं.  "मी करते तुला फोन," असं काहीतरी ती पुटपुटली, पण तोवर लावोननं फोन ठेवला होता. घरापर्यंतच्या तासाभराच्या रस्त्यात तिनं रेडिओ लावला नाही.

नव्या कॉम्प्युटरला पंख्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. तिनं पडदे ओढले, दिवा मंद केला आणि आइलीचा फोटो मूळ स्कॅनपासून पुन्हा करायला घेतला. चार दिवस लागले. गालावर थंडीची लाली, ओठांवर तिचा स्वतःचा रंग, आणि काजळी खरोखर काळी, बोटाला लागेल अशी. छापून आलेली प्रत घेऊन ती आर्वोकडं गेली. या वेळी त्यानं सांगायच्या आधीच दारात बूट काढले.

आर्वोनं चश्मा पुसून घातला. फोटो खिडकीशी नेला, मग टेबलाशी आणला.

"हं," तो म्हणाला. "हीच. हिच्याशीच भांडायचो मी."

मग थोड्या वेळानं म्हणाला, "खोक्यात अजून आहेत. ते यंत्र घेऊन येशील का परत?"

"ते यंत्र आता घरातून हलत नाही. तुम्हालाच यावं लागेल. मी न्यायला येईन."

"पायऱ्या किती आहेत?"

"सात."

"सात तर सात."

दर गुरुवारी ती त्याला आणायला लागली. सात पायऱ्या चढायला त्याला चार मिनिटं लागायची आणि प्रत्येक पायरीवर तो फिनिशमध्ये काहीतरी पुटपुटायचा. मागच्या खोलीत अंधार असायचा, मोठ्या पडद्यावर आइली. आणि पहिली दहा मिनिटं बोलून झाली की आर्वो चक्क झोपून जायचा. मार्लिस काम करत राहायची. त्याच्या घोरण्याचा तिला काही त्रास झाला नाही.

असे पाच गुरुवार झाले. जानेवारीत त्याचा पुतण्या वेन आला आणि त्याला हिबिंगला, वृद्धांच्या निवासात घेऊन गेला. एकट्यानं त्या घरात हिवाळा काढणं शक्य नव्हतं, हे आर्वोलाही कळत होतं. निघताना त्यानं खोकं तिच्या हातात दिलं.

"राहिलेले कर. घाई नाही."

"पोस्टानं पाठवते."

"पाठव. आणि काजळी पुसू नकोस कुठली."

सहाव्या गुरुवारी सवयीनं तिनं बूट घातले, गाडीची किल्ली घेतली आणि दारात उभी राहिली. मग बूट काढले. त्या दिवशी तिच्यानं काम झालं नाही. मावळतीला तिनं लावोनला फोन केला. लावोन आधी कोरडं कोरडं बोलली. मार्लिसनं विचारलं, "त्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे गं?" तशी लावोन खिडकीबाहेर काय काय दिसतं ते सांगत बसली. बराच वेळ.

फेब्रुवारीत कर्टिसला तिनं सांगितलं, दहा दिवस मी नाही. कर्टिसला वाटलं त्याला नीट ऐकू आलं नाही. "आणि कुणी वारलं तर?"

"वाट बघायला सांग," मार्लिस म्हणाली.

तिनं बरोबर काही नेलं नाही, कॅमेरासुद्धा नाही. पहिले तीन दिवस दोघी बहिणी आईबद्दल, बाबांबद्दल, रॉजरबद्दल, शाळेतल्या पोरींबद्दल बोलल्या. चौथ्या दिवशी बोलण्यासारखं संपलं. केन गोल्फला गेला होता. मागच्या अंगणात दोघी खुर्च्या टाकून बसल्या होत्या, समोर खडी आणि कुंपण, वर रखरखीत निळं आकाश. मार्लिसच्या बोटांना काही काम नव्हतं, ती मांडीवर नुसती पडून होती.

"कंटाळलीस?" लावोननं विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"थोडी."

"मीपण," लावोन म्हणाली. "चार वर्षं झाली." आणि तिला एकदम हसू फुटलं, इतकं की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. मार्लिस तिच्याकडं बघत राहिली. साठीला टेकलेला तो चेहरा तिनं कधी इतक्या जवळून बघितला नव्हता. मग लावोन उठली, आत गेली आणि दोन कप कॉफी घेऊन आली. बसताना तिनं स्वतःची खुर्ची थोडी मार्लिसकडे ओढून घेतली.